जपानी पद्धतीचं गाऱ्हाणं

"साहेब, यंदा आमची पोरं अशी बोलतील, अशी बोलतील, की कंपनीवाल्यांनाच म्हणावं लागेल, बाबांनो, जरा आम्हालाही बोलू द्या!"

सहदेव कुबल सर प्राचार्यांसमोर छाती काढून हे बोलून गेले, आणि केबिनबाहेर आल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला. बोलायला काय जातंय!

प्राचार्य वर्ध्याचे. माणूस चांगला, पण रोखठोक. त्यांनी साफच सांगितलं होतं, "कुबल, तुम्ही तो अभियांत्रिकी व्यवस्थापन विषय मनापासून शिकवून राहिले, मान्य. पण कंपन्या येऊन राहिल्या अन् आल्या तशा जाऊन राहिल्या. पोरं हुशार आहेत पण बोलत नाहीत, म्हणतात. यंदा एक तरी पोरगं घेतलं पाहिजे. नाही तर विषय बंद, अन् तुम्ही परत ड्रॉइंग हॉलमध्ये!"

ड्रॉइंग हॉलचं सरांना वावडं नव्हतं. पण हा विषय त्यांनी हट्टाने मागून घेतला होता. यंत्र कसं चालतं ते पोरांना सगळे शिकवतात. ते चालवणारी माणसं कशी चालवायची, काम कसं वाटून द्यायचं, चार लोकांत आपलं म्हणणं कसं मांडायचं, हे कोण शिकवणार? सरांना तरी कुठे कोणी शिकवलं होतं! सर्जेकोटच्या होडीवाल्याचा हा मुलगा इंजिनियर होऊन पुण्याच्या कंपनीत पहिल्यांदा मीटिंगला बसला, तेव्हा तोंडून "माका वाटता..." एवढंच निघालं आणि सगळं टेबल हसलं. पुढे कितीतरी वर्षं सर मीटिंगमध्ये फक्त चहा प्यायले आणि शेवटी गावाजवळच्या या कॉलेजात शिकवायला आले. आपल्या पोरांवर ती पाळी येऊ नये म्हणून त्यांचा जीव तुटायचा.

बरं, पोरं मुकी होती म्हणावं, तर तसंही नाही! कँटीनमध्ये यांच्या गजाली रंगल्या की शेजारच्याला आपला वडा कोणी खाल्ला ते कळायचं नाही. पण समोर टायवाला बसला की एकेकाची जीभ टाळूला चिकटायची. गौरजाचंच घ्या. वर्गात सरांच्या गणितातल्या चुका काढणारी ही मुलगी सरावाच्या मुलाखतीत "स्वतःविषयी सांगा" म्हटलं की स्वतःचं नावसुद्धा विसरायची!

एकदा गटचर्चेच्या सरावात देवबागचा रविराज असाच अडकला. मिनिटभर नुसता "आय... आय..." करत राहिला. सरांचा पारा चढला.

"अरे मेल्या, आयेक कित्याक हाक मारतस? देवळात गाऱ्हाणा घालताना बोलतस मा? तसो बोल!"

गाऱ्हाणं म्हणजे काय ते मालवणी माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कुठल्याही कामाआधी देवापुढे नारळ ठेवायचा. एकाने देवाशी घरच्या माणसासारखं मोकळेपणी बोलायचं, आणि मागच्यांनी दर वाक्याला हेल काढून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. झालं! रविराज उठला आणि 'कारखान्यातली सुरक्षितता' या विषयावर त्याने असं काही गाऱ्हाणं घातलं, की पोरांनी "व्हय म्हाराजा!" करून छप्पर हादरवलं. पाठिंबा मिळाला की माणूस फुलतो. गौरजा बोलायला लागली. सगळेच बोलायला लागले. हळूहळू सरांनी मालवणीची गाडी प्रमाण मराठीवर आणली, मग थोडी इंग्रजीवर. स्वारी खूश!

"फक्त त्या दिवशी 'व्हय म्हाराजा' मनातल्या मनात हां!" सरांनी बजावलं.

आणि तो दिवस उजाडला. पुण्याच्या कंपनीतून संचिता मॅडम आल्या. कडक इस्त्रीची साडी, कडक मराठी आणि त्याहून कडक नजर. त्यांनी गोलात बसलेल्या पोरांना विषय दिला: कामगारांनी अचानक संप केलाय, माल परवा पोचवायचाय, व्यवस्थापकाने काय करावं?

गौरजा उठली. आवाज खणखणीत!

"माझ्या मते, व्यवस्थापकाने प्रथम परिस्थितीचा शांतपणे आढावा घ्यावा."

"व्हय म्हाराजाऽऽ!"

अख्खा गट! एका सुरात! मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. शेजारी बसलेल्या प्राचार्यांच्या कपातला चहा बशीत आला. सरांना वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन फाटावी आणि आपण थेट ड्रॉइंग हॉलमध्ये निघावं.

"सर, हे काय आहे?" मॅडमनी पेन उचलत विचारलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"ही... ही एक पद्धत आहे, मॅडम. एकमत घडवण्याची. आधी दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं, मग..."

"कुठली पद्धत?"

"जपानी!" सर बोलून गेले.

का बोलले, देव जाणे! पण कारखान्याच्या गोष्टीत काही अडलं की जपानचं नाव घ्यायचं, ही सवय त्यांना पुण्यापासून लागली होती.

"अस्सं!" मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "मग मला ही पद्धत सबंध बघायचीय. तुम्हीच करून दाखवा."

"मी?"

"वा, वा! दाखवा ना, कुबल!" प्राचार्य उत्साहाने म्हणाले. "हे मलाही कधी सांगितलं नव्हतं तुम्ही!"

आता काय करता! सरांनी जन्मात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. घालायचे ते त्यांचे बाबा. सरांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! कारखानो बंद पडलोहा, माल परवा जावक व्हयो. ह्या पोरांका वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

आणि तो हेल कानावर पडला मात्र, सर थेट सर्जेकोटला पोचले. इंजिनियरिंगला जायचा दिवस. दारात ट्रंक, तुळशीपुढे नारळ. बाबांच्या अंगावर ठेवणीतला सदरा आणि त्यांच्यामागे वाडीतले सगळे होडीवाले. "माझो झील लांब चललोहा. तेका चार माणसांत ताठ उभो कर रे म्हाराजा!" म्हणताना बाबांचा आवाज फुटला होता, आणि मागच्यांनी तो "व्हय म्हाराजा"ने सावरून घेतला होता. आज ना बाबा राहिले, ना त्यांच्यामागे उभे राहणारे बरेचसे. आपण कॉलेजात आहोत, समोर कंपनी बसलीय, सगळं विसरून सर बाबांच्या आवाजात बोलत सुटले.

"ह्या लेकरांका चार माणसांत ताठ उभी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

"जा काय आडां येयत, ता बाजूक सार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

"आणि जो कोण मेलो संपार जायत, तेका तू बघून घे रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

सरांनी खाडकन डोळे उघडले. गाऱ्हाण्यात 'नाय'? अहो, खुद्द देवसुद्धा दचकला असेल! गौरजा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सर, तेंका देव कित्याक बघतलो? आदी तुमी बघा! ते संपार कित्याक गेले, ता कोणी इचारल्यान काय?"

"इचारीत बसलो तर माल कधी जातलो गो?" रविराज उसळला.

"आणि इचारूक नाय तर जातलो काय? रापण ओढताना माणसां रुसली, तर तू एकटो जाळा ओढतलस?"

"मग अर्धो माल आज धाडूया!"

"आणि गिऱ्हायकाक आदी फोन करूक व्हयो! त्याला खरं सांगायचं!"

"फोन मी करतलंय, तू कामगारांकडे जा!"

बघता बघता सगळा गट तुटून पडला. मालवणी, मराठी, इंग्रजी, ज्याच्या हाताला जे लागेल ते! पण काम वाटून झालं, संपाचं कारण शोधायला माणूस ठरला, माल दोन खेपांत जायचंही ठरलं. "शांत ऱ्हवा रे!" म्हणून सर ओरडले, तर रविराज म्हणाला, "सर, तुमी जरा गप ऱ्हवा बघू!"

प्राचार्य सरांच्या कानाशी लागले. "कुबल, हे जपानी लोक भांडूनही राहिले?"

आता सगळं संपलं, असं समजून सरांनी रुमालाने तोंड पुसलं.

मॅडम उठल्या. "साहेब, माना डोलावणारे मला पुण्यातच हवे तेवढे मिळतात. आपल्याच सरांना तोंडावर 'नाही' म्हणणारी मुलगी मला हवीय. गौरजाला घेतेय. आणि तिच्याशी भांडायला तो रविराजही!"

प्राचार्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, विषय चालू राहणार! गौरजा रडायला लागली, रविराज पुन्हा "आय... आय..." करायला लागला. सरांना तर दोघांना उचलून नाचावंसं वाटत होतं.

मॅडमना गाडीपर्यंत पोचवायला सर एकटेच गेले. दार उघडता उघडता मॅडम थांबल्या.

"सर, माका नोकरेक धाडताना बाबांनी असाच गाऱ्हाणा घातल्यानी होता. ते गेल्यापासून कानार पडूक नाय. म्हणान तुमका सबंध म्हणूक लावलंय." त्यांचे डोळे भरले होते. "बरा वाटला हो!"

सरांनी चटकन विचारलं, "मॅडम, तुम्ही खंयच्या?"

"वेंगुर्ल्याची." मॅडम गाडीत बसल्या, काच खाली केली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "पण एक सांगा हो सर, ता तुमचा जपान नेमक्या खंय इला? वेंगुर्ल्याच्या अल्याड काय पल्याड?"

सरांनी प्राचार्य मागे नाहीत ना, ते आधी बघून घेतलं.

"पल्याड! तुमच्या उभ्यादांड्यासून जरा फुडे, मॅडम," ते हळूच म्हणाले. "कोणाकय इचारा, सांगतले."