बंद ओव्हनमधली चोरी

स्वतःचं वर्णन करताना मिल्टन प्रूसॅकने कधी हात आखडता घेतला नाही. नजर घारीची, कान सशाचे, नाक शिकारी कुत्र्याचं आणि मेंदू, त्याच्याच शब्दांत, "एवढा मोठा की अजून पुरता वापरूनही झालेला नाही". फोनवर कोणी नुसतं "कोण बोलतंय?" विचारलं तरी तो हे सगळं ऐकवायचा आणि नाव शेवटी सांगायचा. चुकून नंबर लागलेली माणसंसुद्धा सगळं ऐकून घेत, कारण मधे बोलायला तो जागाच ठेवत नसे.

ऑर्व्हिल जेन्सनला हे वर्णन पाठ होतं. याच घारीच्या नजरेने मिल्टनने मागच्या वर्षी गाडी थेट वाचनालयाबाहेरच्या, पुस्तकं परत टाकायच्या पेटीवर घातली होती. तेव्हा त्याचा परवाना गेला आणि ऑर्व्हिल त्याचा सहायक झाला. सहायक म्हणजे गाडी चालवणारा. ऑर्व्हिलने उभा जन्म शाळेची बस चालवलेली, त्यामुळे गाडीत कोणी सतत बडबडत असलं तरी त्याचं काही बिघडत नसे.

गुप्तहेर होण्याआधी मिल्टन गावच्या पाणी खात्यात मीटर वाचायचा. "तीस वर्षं लोकांच्या तळघरांत उतरलोय, ऑर्व्हिल," तो त्या रविवारी गाडीत म्हणाला. "पाण्याचा एक थेंब इकडचा तिकडे झाला तर मला कळायचा. ही साधी चिकनची चोरी म्हणजे माझ्या हातचा मळ."

"दोनच्या आत आटप," ऑर्व्हिल म्हणाला. "घरी भाजलेलं बीफ आहे. थंड झालं तर माझी बायको तुझ्या घरी येईल."

लोरेन टिबेट्सचं घर चर्चमागच्या गल्लीत होतं. ती हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि दर रविवारी आठवड्याचे डबे एकदम भरून ठेवायची. स्वस्तात मिळालेला ब्रेस्टपीसचा मोठा पुडा आणायचा, तेल, मीठ, मिरपूड आणि पाप्रिकाची लाल पूड चोळून ओव्हनमध्ये भाजायचे, थोडा वेळ फॉइलखाली झाकून ठेवायचे, मग कापून भाताबरोबर आणि फरसबीबरोबर डब्यांत. असं केलं की आठवडाभर बाहेर खायचा खर्च नाही आणि रात्री दमून आल्यावर चूल नाही.

दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. दाराशी एक तपकिरी बॅग उभी होती.

"लोरेनबाई," मिल्टन टोपी काढून म्हणाला, "घाबरू नका. मी आलोय."

"मिल्टन, आपण एका वर्गात होतो. तू माझी रंगपेटी फोडलीस. बाई काय म्हणतोस?"

"कामावर असताना मी ओळख ठेवत नाही. बॅग कुणाची?"

"हार्लनची. मीच भरली. तुझा तपास होऊ दे, मग ती त्याच्या हातात द्यायची की परत वर न्यायची ते ठरवते."

हार्लन वेब म्हणजे पियानोचे सूर लावणारा विधुर. शरदात तिच्या माडीवरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आला होता आणि ईस्टरनंतर दोघं लग्न करणार होते. गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

स्वयंपाकघरात लोरेनने सांगायला सुरुवात केली. टेबलाशी तिची ब्लान्शमावशी एकटीच पत्त्यांचा डाव मांडून बसली होती. वय नव्वदीच्या पलीकडे, तोंडात एकही खरा दात नाही.

"नाताळात हार्लनने मला हा वजनकाटा भेट दिला," लोरेन म्हणाली. "म्हटलं, आता सगळ्यांना सारखं वाढता येईल. पहिल्याच रविवारी कच्चं चिकन तोललं, पाच पाउंड. भाजून तोललं तर चारही भरेना. दुसऱ्या रविवारी तेच. दर रविवारी तेच, मिल्टन. पाउंडभर चिकन घरातून जातंय."

"भाजल्यावर आकसतं ना ते," ऑर्व्हिल म्हणाला.

"आकसतं ते मलाही दिसतं. पण आकसून पाउंडभर?"

"आकसण्याचा आणि वजनाचा काय संबंध?" मिल्टनने सहायकाकडे दयेने पाहिलं. "माझी उंची दोन इंच आकसली आहे. वजन कमी झालं?"

ऑर्व्हिलने त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि मुद्दा सोडून दिला.

"चिकन फॉइलखाली असतं तेव्हा मी ओरेगॉनला मुलीशी फोनवर बोलत असते," लोरेन सांगत होती. "तेवढा वेळ हार्लन इथे एकटा. मागच्या रविवारी मी खिडकीतून पाहिलं, तो मागच्या दाराने बाहेर चालला होता. हातात बरणी, वर फॉइल."

"म्हणजे चिकन विश्रांती घेतं तेव्हा चोर कामाला लागतो," मिल्टन म्हणाला. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते पुन्हा म्हटलं.

लोरेन खुर्चीवर बसली. "चिकनचं काही नाही रे. त्याने मागितलं असतं तर अख्खं दिलं असतं. पण न सांगता घेतो. माझा पहिला नवरा असाच न सांगता बाहेर जायचा. एक दिवस गेला तो परत आलाच नाही. आता पुन्हा तसल्या माणसाबरोबर संसार मांडायचा नाही मला."

मिल्टन खिशात पेन्सिल शोधू लागला. ही संधी साधून ब्लान्शमावशीने पत्त्यांवरून मान उचलली. "अगं लोरेन, ते चिकन..."

"मावशी," मिल्टनने हात वर केला. "माझा एक नियम आहे. साक्षीदाराने विचारल्यावरच बोलायचं. नाहीतर तपास नासतो."

"मग विचार."

"तुमचा नंबर आला की विचारीन."

मावशीने खांदे उडवले आणि चौकटची राणी इस्पिकच्या राजाखाली सरकवली.

आज हार्लन ईस्टरच्या गाण्यांच्या तालमीसाठी चर्चमध्ये होता. मिल्टनने फर्मान काढलं की त्याच्या गैरहजेरीत, खुद्द मिल्टनच्या नजरेखाली, चिकन भाजायचं. आज वजन पुरं भरलं तर चोर हार्लनच, मग बॅग त्याच्या हातात. लोरेनने ओठ घट्ट मिटले आणि मान डोलावली.

कच्चं चिकन तोललं. पाच पाउंड. ट्रे आत गेला आणि मिल्टनने स्टूल ओढून ओव्हनसमोर ठाण मांडलं. मागच्या दाराला त्याने कडी घातली, पुढच्या दाराशी ऑर्व्हिलला उभं केलं आणि ओव्हनच्या मुठीला आपला टाय बांधला. टाय गळ्यातच असल्यामुळे पहारा फार जवळून झाला.

पाप्रिकाचा वास घरभर पसरला. मार्च महिना, बाहेर अजून बर्फ. स्वयंपाकघराची खिडकी बघता बघता धुरकट झाली. पळवाटेवर लक्ष हवं म्हणून मिल्टनने टाय सोडून रुमालाने काच पुसली. ती पुन्हा धुरकटली. त्याने पुन्हा पुसली. मग चष्मा धुरकटला. तोही पुसला. रुमाल इतका भिजला की त्याला तो सिंकमध्ये पिळावा लागला.

"काय सारखं पुसतोयस?" ऑर्व्हिलने दारातून विचारलं.

"पुराव्याच्या आड येणारं सगळं दूर करतोय," मिल्टन म्हणाला आणि पुन्हा एकदा रुमाल पिळला.

मावशीने खिडकीकडे पाहिलं, सिंककडे पाहिलं आणि पुढचा पत्ता काढला.

चिकन झालं. फॉइलखाली ठेवलं. मिल्टनने ऑर्व्हिलला आणि लोरेनला दिवाणखाना तपासायला पिटाळलं आणि स्वतः ट्रेजवळ थांबला. ती दोघं परत आली तेव्हा तो चिमटा हातात धरून छताकडे पाहत होता. लोरेनने एकेक तुकडा चिमट्याने उचलून काट्यावर ठेवला. आकडा थांबला आणि तिचा हात खाली आला.

पाउंडापेक्षाही जास्त गायब होतं.

"हार्लन तर चर्चमध्ये आहे," ती हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी थोडं ऊन पडलं.

"म्हणूनच तो फार धोकादायक आहे," मिल्टन म्हणाला. "तिथे बसून इथे चोरी करतो. काट्यातच घोटाळा केलाय त्याने."

लोरेनने साखरेची न फोडलेली पिशवी काट्यावर ठेवली. पिशवीवर जेवढं छापलं होतं तेवढंच काट्याने दाखवलं.

"मग रॅकून. ओव्हनच्या मागे बीळ असणार." मिल्टनने ओव्हन आणि भिंतीच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. बीळ सापडलं नाही आणि हातही परत मिळेना. ऑर्व्हिलने दोन्ही पाय ओव्हनला टेकवून त्याला बाहेर ओढला. सोबत हरवलेला एक चमचा आणि मागच्या ईस्टरचं चॉकलेटचं अंडं निघालं.

"आता संशयित एकच उरला," कोपर चोळत मिल्टन मावशीकडे वळला. "ब्लान्शमावशी, चिकन भाजलं जात असताना तुम्ही कुठे होता?"

"तुझ्या पाठीमागे. विचारलंस का मला? आता बोलू?"

"बोला."

"पाणी," मावशी म्हणाली.

ऑर्व्हिलने तिला पाण्याचा पेला भरून दिला.

"मला नको रे. चिकनमध्ये पाणी असतं ते. ओव्हनमध्ये गेलं की सुटतं. थोडं ट्रेमध्ये साचतं, ते बघ अजून तिथे आहे. बाकीचं वाफ होऊन उडतं आणि खिडकीवर बसतं. मघापासून हा गुप्तहेर लोरेनचं पाउंडभर चिकन रुमालाने पुसून सिंकमध्ये पिळतोय."

सिंकच्या काठावर रुमाल टिपटिप गळत होता. ज्या माणसापासून गावातला एक थेंब लपत नव्हता तो त्या रुमालाकडे बघत उभा राहिला.

"पण आधी कधी असं झालं नव्हतं," लोरेन म्हणाली.

"आधी तुझ्याकडे काटा नव्हता. चिकन मी तुझ्याएवढी होते तेव्हापासून असंच पाणी सोडतंय. आणि एक सांग, चिकन चोरणारा माणूस तुला वजनकाटा भेट देईल?"

लोरेनने दाराकडे, बॅगेकडे पाहिलं. ती बॅग उचलायला निघाली आणि त्याच वेळी दार उघडून हार्लन आत आला. उंच, किडकिडीत माणूस. टोपीवर बर्फाची भुकटी.

"माझी बॅग इथे कशी?"

मिल्टनने घसा साफ केला, पण लोरेनच आधी बोलली. "मी भरली. तू दर रविवारी चिकन चोरतोस असं मला वाटलं. चोरत नाहीस. ते पाणी होतं."

हार्लनने विचार केला. सूर ऐकायची सवय असल्यामुळे तो कशालाच घाईने उत्तर देत नसे. "किती चोरत होतो?"

"पाउंडभर."

"तेवढं खाल्लं असतं तर ही विजार कमरेवर राहिली असती," तो म्हणाला आणि पट्टा वर ओढला. मग सवयीने ट्रेकडे गेला, त्यातलं पाणी बरणीत ओतलं आणि वर फॉइल लावलं.

"ही बरणी कुठे नेतोस?" लोरेनने विचारलं.

"शेजारी. मिसेस अकरमनच्या कुत्र्याला दात राहिले नाहीत. कोरडं खाणं तोंडात घेत नाही, यात भिजवून दिलं की खातो. तू फोनवर असतेस, म्हणून मधे बोललो नाही."

"बोलत जा मधे. कुत्र्याकडे जा, कुठेही जा, पण सांगून जा."

हार्लनने तिच्याकडे पाहिलं. मग बरणी डाव्या हातात घेऊन बॅग उजव्या हाताने जिन्याच्या पहिल्या पायरीवर नेऊन ठेवली.

"बरं. सांगतो. शेजारी चाललोय. लगेच येतो. आल्यावर फरसबी मी चिरतो."

तो गेला. खिडकी पुन्हा धुरकटली होती, तरी लोरेन त्यातून तो शेजारच्या पायऱ्या चढेपर्यंत बघत राहिली. ऑर्व्हिललाही काहीतरी झालं. घरचं बीफ थंड होत असल्याचं त्याने पाच मिनिटं कोणाला सांगितलं नाही.

"प्रकरण मिटलं," मिल्टन म्हणाला. "मला पाण्याचा संशय पहिल्यापासून होता. म्हणूनच रुमाल आणला होता."

लोरेनने डोळे पुसले, चिकन कापलं आणि डबे भरायला घेतले. भात, चिकन, भात, चिकन. शेवटच्या डब्यात भात पडला आणि हात थांबला. चिकन संपलं होतं. तिने पुन्हा मोजलं.

"ट्रे ओव्हनमध्ये गेला तेव्हा यात एक तुकडा जास्त होता," ती म्हणाली. "पाणी एवढं?"

मावशीने शेवटचा पत्ता ठेवला. डाव सुटला होता.

"नाही," ती म्हणाली. "हे पाणी नव्हे."

सगळ्यांनी मिल्टनकडे पाहिलं. टायवर पाप्रिकाचा लाल डाग होता आणि हनुवटीवर त्याचा धाकटा भाऊ. त्याने टाय कोटात सरकवला.

"पुराव्याची चव घ्यावी लागते," तो म्हणाला.

"मिल्टन," लोरेन हसत सुटली आणि रिकामा डबा त्याच्यापुढे धरला, "मागितलं असतंस तर अख्खं दिलं असतं."