खात्री किती टक्के?

डोकं ताळ्यावर ठेवून विचार कसा करावा, हे शिकवणारा मास्तर किरगिझस्तानातल्या अख्ख्या नारीन भागात एकच. मी, राइम्बेक! ही विद्या काय फक्त बड्या देशांतल्या बड्या लोकांनीच शिकायची? छट्! मी सगळे धडे आमच्या किरगीझ भाषेत आणले आणि गावच्या क्लबात फुकट वर्ग काढला. पहिलाच धडा असा, की काहीही बोलताना आपली खात्री किती टक्के, तेही प्रामाणिकपणे सांगून टाकायचं. आता हे सांगतानासुद्धा तोंड लपवावंसं वाटतंय.

बुरुलचाबाई माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी. हिवाळाभर एक तास चुकवला नाही. पुढे त्यांच्याच मुलाशी, आदिलेतशी, माझ्या धाकट्या बहिणीचं जमलं. आई-वडील गेल्यापासून मेरिमला मीच वाढवलेलं, त्यामुळे मी तर हवेतच!

कर्णफुलांचा दिवस आला. सासूने मुलीच्या कानांत कर्णफुलं घातली की लग्न पक्कं. घर पाहुण्यांनी भरलं, मेंढी शिजली. बुरुलचाबाईंनी कर्णफुलं हातात घेतली आणि एकदम थांबल्या. माझ्याकडे बघून गोड हसल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं!

"मेरिम, बाळ, माझ्या मुलाबरोबर सुखी होशील, याची खात्री किती टक्के?"

माझ्याच हाताखाली शिकलेली पोर! जरा विचार करून म्हणाली, "सत्तर."

झालं! आदिलेतचे काका ताडकन उठले.

"सत्तर? आमचा पोरगा म्हणजे काय लंगडा घोडा वाटला की काय?"

"काका, मी खरं तेच सांगितलं हो," मेरिम रडवेली झाली. आदिलेतचा चेहरा पडला. कर्णफुलं परत डबीत गेली. माझ्या शहाणपणापायी पोरीचं लग्न मोडत होतं!

मी मधे उडी घेतली. "अहो, सत्तर म्हणजे पुष्कळ झाले! लग्नाच्या दिवशी माझे तर पन्नाससुद्धा नव्हते!"

मग बुरुलचाबाईंना जे हसू फुटलं, ते आवरेचना.

"पन्नासाच्या आत असून मास्तरांचा संसार टिकलाय! मग सत्तरात माझ्या पोराचं सोनंच होईल की!"

आणि त्यांनी मेरिमच्या कानांत कर्णफुलं घातली. काकासुद्धा हसत खाली बसले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मान वर केली.

समोर माझी बायको साबिरा, हातात किटली घेऊन. ती काही हसत नव्हती. माझे कान लाजेने तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"साबिरा, अगं, ते आपलं उदाहरणादाखल..."

ती माझ्यापुढची वाटी उचलून चहा ओतायला लागली. आमच्याकडे माणूस हवासा असला की चहा थोडाथोडाच ओततात, म्हणजे पुन्हापुन्हा देता येतो. वाटी काठोकाठ भरली, की पाहुण्याने समजायचं, आता निघा.

साबिराने वाटी काठोकाठ भरली. माझ्याच घरात! मी निमूटपणे उठलो आणि दाराशी जाऊन माझे बूट शोधायला लागलो.