प्रथमदर्शनी पिकअप

नवीन वस्तू घरात आली की घारपुरेकाका तिचं माहितीपत्रक वाचत नाहीत. ते पिशवीत घालतात, पिशवीला गाठ मारतात आणि पिशवी माळ्यावर टाकतात. आठ दिवस वस्तू वापरायची, रोज तिच्याबद्दलचं मत लिहायचं आणि नवव्या दिवशी पत्रक उतरवून वाचायचं, असा त्यांचा नेम आहे. "आधी वाचलं की मत दूषित होतं," असं ते म्हणतात. या कामासाठी लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे आणि तिच्यावर सुरेख अक्षरात 'प्रथमदर्शनी' असं लिहिलेलं आहे.

ही पद्धत तशी निर्धोक नाही. मिक्सर आणला तेव्हा झाकणाला खटका असतो ही माहिती माळ्यावर राहिली आणि खोबऱ्याची चटणी छतावर गेली. वहीत नोंद झाली, 'यंत्र उत्साही आहे.' चार वर्षांपूर्वी मी नारायण पेठेत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो, तेव्हा माझीही आठ दिवस नोंद चालली होती. पुढे एकदा काकांनी ती मला मोठ्या कौतुकानं दाखवली. 'नवे भाडेकरू. जिन्यात बूट वाजवतात. दूध उतू घालवतात. निरुपद्रवी.' मी हिंजवडीला नोकरी करतो, म्हणून काका मला नावानं हाक न मारता 'हिंजवडी' म्हणतात. जिन्यातून "अहो हिंजवडी, पाणी गेलंय का तुमच्याकडे?" असं ऐकू आलं की मीही आता मुकाट्यानं ओ देतो.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षं लोकांचे तराजू तपासल्यामुळे कमरेची मोजपट्टी अजून सुटलेली नाही. कोपऱ्यावरचा मिठाईवाला त्यांना लांबून येताना बघितलं की आपोआप काटा पुसायला लागतो. आणि नियम म्हणाल, तर रस्ता ओस पडलेला असला तरी काका लाल सिग्नलला थांबतात. चालत असले तरी थांबतात.

घारपुरेकाकू म्हणजे विजयाकाकू. यांचं बोलणं थोडं, पण लागेल तिथे लागतं. त्यांना गाडी लागते. साधीसुधी नाही, जन्मजात. लग्नाच्या वरातीची मोटार दोन चौक पुढे गेली नाही तोच त्यांनी काकांचा नवाकोरा कोट कामातून घालवला होता. एसटी, रिक्षा, मोटार, काही म्हणजे काही चालायचं नाही. चालायची फक्त काकांची स्कूटर. भोरजवळचं त्यांचं माहेर चाळीस वर्षं त्या स्कूटरवरूनच घडलं. दोन वर्षांपूर्वी काकू न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि स्कूटरवर बसणं कायमचं बंद झालं. त्याबरोबर माहेरही बंद झालं.

अशात माहेरून निमंत्रण आलं. काकूंचे थोरले भाऊ, दादा, यांचं सहस्रचंद्रदर्शन. दादांनी फोनवर सांगितलं होतं, "विजू, तू ओवाळल्याशिवाय मी पाटावर बसायचा नाही." काकूंनी पत्रिका फ्रिजवर लावली आणि जो येईल त्याला सांगू लागल्या, "मी कसली जातेय? एवढ्या गर्दीत मला जेवण जात नाही." असं दिवसातून चार वेळा सांगणाऱ्या माणसाला काय हवं असतं हे कळायला वजनमापे खात्याची गरज नाही.

आणि या सगळ्यात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, घारपुरेकाकांनी एक अवाढव्य पिकअप घेतली.

पुढे चार दारांची केबिन, मागे उघडा हौदा, आणि तोंड असं की समोरच्यानं आपण होऊन माफी मागावी. गुरुवारी सकाळी ती आमच्या गल्लीत शिरली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या स्कूटरी उचलून ठेवाव्या लागल्या आणि एका बाईंनी खिडकीत वाळत घातलेल्या कुरडया घाईघाईनं आत घेतल्या. काका तसे चणीनं लहान. स्टिअरिंगच्या वर त्यांची फक्त टोपी आणि चष्मा दिसत होता.

"प्रथमदर्शनी," खिडकीतून आवाज आला, "गाडी रुंद आहे!"

गल्ली, फाटक, पार्किंगचं वळण, सगळं काकांनी आधीच मोजलेलं होतं. दोन्ही बाजूंना चार चार बोटं सुटत होती आणि ती चार बोटं त्यांनी मला उतरून मोजायला लावली. गाडी उभी केल्यावर माझ्या छोट्या मोटारीचं एकच दार उघडायचं राहिलं, तेही डावीकडचं. त्या दिवसापासून मी गिअरवरून उडी मारून स्वतःच्या जागेवर जातो. तक्रार केली तर काका म्हणाले, "व्यायाम होतो. नोंद घेतो."

दुसरी अडचण चढण्याची. पायरी होती, पण काकांचा पाय तिथवर पोचेना. मग स्वयंपाकघरातला पाट आला. काका पाटावर चढायचे, पाटावरून पायरीवर, पायरीवरून आत. आत बसले की पाट खाली जमिनीवर! तो उचलून त्यांच्या हातात द्यायचं काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी कंपनीची बस गाठण्याआधी मी घारपुरेकाकांना पाट देत असे. ऑफिसात उशिराचं कारण विचारलं तर सांगायचं काय, हा प्रश्नच होता.

पण काय सांगू, ते आठ दिवस काका हवेत होते! असा आनंद मी पेठेत उघड्यावर क्वचितच पाहिलाय. संध्याकाळी मी आलो की वही घेऊन पायरीवर तयारच. "ऐका. 'दिवस दुसरा. हॉर्न खानदानी. एकदा वाजवला, तिघे बाजूला झाले, चौथ्यानं नमस्कार केला.'" तिसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडवर एका गृहस्थानं हात दाखवून विचारलं, "टेम्पो रिकामा आहे का? येरवड्याला कपाट न्यायचंय." काकांनी काच खाली करून त्याला पाच मिनिटं सुनावलं आणि मग कपाट येरवड्याला नेऊन दिलं. 'कपाट मावले. हौदा समाधानकारक. गृहस्थ आभार मानायला विसरले.'

त्यांचा सगळा जीव त्या हौद्यावर होता, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी काकूंची वेताची खुर्ची हौद्यात ठेवली, चारी पाय दोरीनं आवळले आणि रिकामी खुर्ची घेऊन कात्रजपर्यंत जाऊन आले. पाचव्या दिवशी खुर्चीवर उन्हासाठी मोठी छत्री बांधली. ती लकडी पुलावर उडाली आणि नदीत गेली. 'छत्रीची निष्ठा संशयास्पद.' सहाव्या दिवशी खुर्चीत गव्हाचं पोतं बसवलं. सोसायटीचे चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टरला दाखवायचं का हो?" काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हौस आहे त्यांची. पोत्याला फिरवून आणतात. मला विचारतात, पोतं घाबरल्यासारखं वाटतं का."

नववा दिवस शुक्रवार होता. दादांचा कार्यक्रम रविवारी.

संध्याकाळी मी परतलो तर पायरीवर वही नव्हती. पार्किंगमध्ये काका हौद्यात, त्या वेताच्या खुर्चीवर बसलेले. माळ्यावरची पिशवी सुटलेली आणि गाडीचं जाडजूड पुस्तक मांडीवर उघडं.

"काका, काय झालं?"

त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. हौदा मालासाठी आहे, चालत्या गाडीत तिथे माणूस बसवू नये. बाजूला चित्रही होतं, हौद्यात बसलेल्या माणसावर तांबडी फुली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खुर्ची, छत्री, पोतं, सगळं एकदम समोर आलं. मला स्वतःचीच लाज वाटली, कारण आठ दिवस मी ते वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हसत हसत सांगत होतो.

"तिला उघड्यावर त्रास होत नाही हो," काका म्हणाले. "स्कूटरवर कधी झाला नाही. म्हटलं, खुर्चीत बसवावी, वारा लागेल, दादांकडे सुखरूप पोचेल. पुस्तक आधी वाचलं असतं तर गाडीच घेतली नसती. माझ्या नेमानं मला दगा दिला."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पहाटे लवकर निघा ना काका. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," काका म्हणाले. "तीस वर्षं लोकांना दंड केला. त्यातले अर्धे हेच म्हणायचे, कोण बघतंय."

मागून वॉकरचा टकटक आवाज आला. तळमजल्याच्या खिडकीला पार्किंगमधलं सगळं ऐकू येतं. काकू दाराशी आल्या, खुर्चीकडे बघितलं, दोऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला गणपतीसारखं मागे बसवून नेणार होतात? विसर्जन करून परत आणणार होतात ना?"

"अगं, तुला वारा लागावा म्हणून—"

"कसला वारा?"

"स्कूटरवर तुला वाऱ्यामुळे बरं वाटायचं ना?"

काकू एकदम हसल्या. "चाळीस वर्षं हेच समजत होतात? अहो, मी रस्ता बघितलाय कधी? स्कूटर सुरू झाली की मी डोळे मिटायचे, खांदा धरायचे आणि तुमच्या पाठीला डोकं टेकायचे. ते थेट माहेर आलं की उघडायचे. वाऱ्यानं उलट केस विस्कटायचे."

काका हौद्यातून पाटाशिवायच उतरायला निघाले. मी धावत पाट आणला.

उतरल्या उतरल्या त्यांनी मोजपट्टी काढली. काकूंच्या हाताची लांबी घेतली. मग गाडीत चढून मागची सीट ते आपला डावा खांदा हे अंतर मला घ्यायला लावलं. दोनदा घेतलं. "पोचतो!" काका ओरडले. चेअरमननी वरून खिडकी उघडली आणि पुन्हा लावून घेतली.

रविवारी सकाळी निघालो. काकूंना चढवायला पाट, त्यावर मी, मागून काका आणि बाजूनं चेअरमन असा बंदोबस्त होता. "देवीची मूर्ती आहे का मी?" काकू म्हणाल्या. त्या काकांच्या बरोब्बर मागे बसल्या, पट्टा लावला. पुढे डावीकडे मी. माझ्या मांडीवर लिंबं, प्लास्टिकच्या पिशव्या आणि लाल वही. खरं तर आठ दिवसांनी वही बंद होते, पण काका म्हणाले, "परिशिष्ट लागेल."

काका चाळीसच्या वर जायला तयार नव्हते. स्कूटर याच वेगानं जायची. मागून ट्रकवाले जीव खाऊन हॉर्न देत होते. "लिहा, 'हमरस्त्यावरील मंडळी प्रथमदर्शनी उतावळी.'" मी लिहीत होतो आणि एक डोळा मागे ठेवून होतो. कात्रजच्या बोगद्याच्या तोंडाशी काकूंचा चेहरा पांढरा पडला. मी पिशवी पुढे केली.

काकूंनी ती बाजूला सारली. दोन सीटांच्या मधून त्यांचा हात आला आणि काकांच्या डाव्या खांद्यावर बसला. त्यांनी डोळे मिटले, पट्टा सैल करता येईल तेवढा करून पुढे झुकल्या आणि काकांच्या सीटच्या पाठीला कपाळ टेकलं.

काकांची पाठ ताठ झाली. स्कूटर चालवताना माणूस बसतो तसे ते बसले. त्यानंतर वहीत लिहायला त्यांनी मला एक शब्दही सांगितला नाही. बोगदा गेला, उतार गेला, हॉर्न देणारे सगळे पुढे निघून गेले. काकूंच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता आणि श्वास संथ चालला होता. मी लिंबं खाली ठेवून दिली.

कापूरहोळला भोरच्या रस्त्याला वळल्यावर काका हळू आवाजात म्हणाले, "हिंजवडी, लिहा. पहिल्या आठ दिवसांची मतं रद्द."

"रद्द? काका, अहो, अख्ख्या वहीत तुम्ही एक मत कधी खोडलं नाहीत."

"तेव्हा गाडीत मी एकटा होतो. ते ग्राह्य धरता येत नाही." त्यांनी चष्मा उगाच नीट केला. "नवीन पान घ्या. वर लिहा, दिवस पहिला."

मी लिहिलं. "पुढे काय लिहू?"

"थांबा जरा," काका म्हणाले. "बघू दे."

मागून डोळे मिटलेल्या काकूंचा आवाज आला, "अहो, आलं का?"

"नाही अजून. तू पड निवांत."

गाव समोर दिसत होतं. देवळाचं शिखर, दादांच्या दारातला मांडव, सगळं दिसत होतं. काकूंचा हात तसाच खांद्यावर होता. काकांनी आरशात एकदा बघितलं आणि गाडीचा वेग आणखी कमी केला.