मालक श्री पांडुरंग, नोकर सेतूराव

आमच्या गोदेचं लग्न झालं ते १९५७ साल. वैकाशी महिन्याच्या पहिल्याच मुहूर्तावर ती पापनाशमला सासरी गेली, आणि तिच्या मांडवाची केळ सुकायच्या आत मी आयुष्यातला पहिला सरकारी फॉर्म भरला. स्वतः! एकट्यानं! कोणाच्या बापाची मदत न घेता!

वाचकहो, हे इतकं ठासून सांगतो, कारण अठ्ठावन्न वर्षांचा होईपर्यंत मी अंगठेबहाद्दर होतो. गोदा आमची धाकटी लेक. तिनंच मला पाटीवर अक्षरं शिकवली. आधी तमिळ, मग आपली बालबोध. पहिलं अक्षर काढताना असा घाम फुटला, की पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा विहीर खणतोय! पण दोन वर्षांत शिकलो. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत जायचो. लोक वाट सोडायचे.

कुंभकोणमच्या बाजारात आमचं पुडींचं दुकान. सांबारपूड, रसमपूड आणि मेतकूट. मेतकुटाला फक्त आपली मराठी माणसं यायची, सांबारपुडीला सगळं गाव. त्या वर्षी कॉलेजच्या वसतिगृहातून निरोप आला, "कॉलेज उघडलं की वर्षभराची सगळी पूड तुमचीच. पण दुकानाची सरकारी नोंदणी हवी." हातात तीन आठवडे!

मी फॉर्म आणला. अलमेलू, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणाली, "अहो, थांबा की! आडीचा महिना लागला की गोदा माहेरी येईल. तिच्याकडून भरून घ्या."

"आडीपर्यंत कॉलेजची पोरं जेवून ढेकर देतील! आणि मला काय येत नाही? मी भरतो!"

फॉर्म तमिळमध्ये होता. दुकानाचं नाव लिहिलं. पुढे होतं, 'मालकाचं नाव'. इथे टाक थांबला. आमच्याकडे वडिलांपासूनची रीत अशी, की दुकान पांडुरंगाचं, आपण त्याचे नोकर. दुकानाच्या आतल्या खोलीत त्याची मूर्ती. नव्या पुडीची पहिली चिमूट त्याच्यापुढे, मग गिऱ्हाईक. वडील स्वप्नातसुद्धा स्वतःला मालक म्हणाले नसते. मी तरी सरकारपुढे खोटं कशाला बोलू? लिहिलं, 'मालक : श्री पांडुरंग. राहणार : दुकानातच. वय : फार. नोकर : एक. नाव : सेतूराव. वय : साठ.' वडिलांच्या नावाची जागा कोरी सोडली. देवाच्या वडिलांचं नाव मला कुठून ठाऊक! खाली सही ठोकली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो.

आठव्या दिवशी दुपारी सरकारी तपासनीस आला. सुंदरेश नाव. नवी नोकरी, नवी चप्पल, कानावर पेन्सिल. बोलणं अर्थात तमिळमध्ये झालं, मी आपल्या भाषेत लिहितो. 'पेरियवर', म्हणजे वडीलधारे, तेवढं तसंच ठेवलंय.

"पेरियवर, मालक कुठे आहेत?"

"आत."

"बोलवा."

"ते बाहेर येत नाहीत, सार. आणि आता निजलेत. जेवण झालं, की मीच पडदा ओढतो."

"भर दुपारी? उठतात केव्हा?"

"पहाटे मी उठवतो. आंघोळ घालतो, धोतर नेसवतो, जेवण पुढे ठेवतो."

"तुम्ही?" तो माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतच राहिला. "आणि पगार?"

"पगार कसला! ते ठेवतील तसं राहायचं. आधी माझे वडील होते त्यांच्या सेवेला. ते गेले, मी लागलो."

"पिढीजात!" सुंदरेश पुटपुटला. पेन्सिलीचं टोक कटकन मोडलं आणि डोळ्यांत चक्क पाणी! मला वाटलं, किती भाविक पोर!

तेवढ्यात अलमेलू ताक घेऊन आली. त्यानं तिला विचारलं, "अम्मा, ह्यांना आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते?"

अलमेलूनं पेला खाली ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला होता!

"सुट्टी? माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला हे पोचले, तेव्हा लोक हात धुवून विडे चघळत होते! दिवाळीला दुकान, पोंगलला दुकान! एकादशीला तर जेवणसुद्धा नाही!"

"जेवणसुद्धा नाही?"

"नुसत्या पाण्यावर! आणि वर मिरच्या कांडायच्या! लिहा, सार, सगळं लिहा!"

सार लिहीत सुटले. जाताना त्यानं माझे दोन्ही हात धरले. "पेरियवर, आता घाबरू नका. सरकार तुमच्या पाठीशी आहे."

शुक्रवारी नोटीस आली. मी स्वतः वाचली! 'नोकर सेतूराव यांना पिढ्यान्‌पिढ्या बिनपगारी राबवणे, सुट्टी न देणे, उपाशी ठेवणे, इतकेच नव्हे तर त्यांच्याकडून स्वतःस आंघोळ घालून घेणे, या बाबतीत मालक श्री पांडुरंग यांनी सोमवारी अकरा वाजता जातीने हजर व्हावे. तोवर नोंदणी होणार नाही.'

कॉलेज बुधवारी उघडणार! अंगठा उठवत होतो तेव्हा असल्या कागदाची मला कधी भीती वाटली नव्हती. वाचायला शिकलो, तिथेच फसलो!

धावत आमच्या भजनमठात गेलो. मठाचे प्रमुख हनुमंतराव. आवाज असा, की त्यांनी कुजबुज केली तरी पलीकडच्या गल्लीतली गाय मान वर करते.

"हनुमंतराव, चूक माझी आहे. फॉर्मात मी..."

"सेतूराव, देवाला कचेरीचं बोलावणं आलंय का? हो की नाही?"

"आलंय, पण..."

"मग देव काय एकटा जाणार? मृदंग काढा रे!"

सोमवारी मूर्ती माझ्या डोक्यावर, वर छत्री, मागे टाळ आणि मृदंग. देव उंबऱ्याबाहेर पडला म्हणजे आमच्या गावाला उत्सवच! फुलवालीनं हार घातला. भांड्यांच्या दुकानदारानं कापूर लावला. एकानं नारळ फोडला. कसला उत्सव आहे, हे कोणी विचारलंसुद्धा नाही! महामहम तळ्यापाशी आम्ही दीडशे होतो. पोलिसानं मद्रासची बस थांबवली. बसमधले लोक उतरून नमस्कार करू लागले. मी मात्र घामानं निथळत होतो, आणि अलमेलू नव्या लुगड्यात मिरवत होती!

कचेरीच्या दारात शिपायानं पुकारा केला, "पांडुरंगन! पांडुरंगन हजर आहे का?"

दीडशे गळ्यांनी असा नामगजर केला, की छतावरची कबुतरं उडाली. मोठे साहेब चंद्रमौली उठले आणि टेबलाखाली चपला काढून उभे राहिले. सुंदरेशनं मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदांकडे.

"हे... मालक?"

"हेच, सार."

"आणि आंघोळ..."

"रोज."

तो शाईच्या दौतीवरच बसणार होता, शिपायानं सावरलं.

साहेबांनी फॉर्म उचलला. "हा कोणी भरला?"

म्हणता आलं असतं, की अर्ज लिहिणाऱ्यानं घोटाळा केला. हनुमंतराव डोळ्यांनी तेच सुचवत होते. पण छाती ऐकेना!

"मी! माझ्या हातानं!"

"अक्षर छान आहे," साहेब म्हणाले. मी वळून पाहिलं, अलमेलूनं ऐकलं का? ती हार सारखा करत होती. मी खोकलो. साहेबांनी पुन्हा म्हणावं, असं फार वाटलं. "पण मालकाची सही लागते. देव सही करतील?"

"नाही, सार."

"मग तुमच्या दुकानात सही येते कोणाला?"

"दुकानात आम्ही दोघंच. त्यात लिहिता येतं मला एकट्याला."

"झालं तर! कायद्याच्या कामाला लिहिता येणारा मालक लागतो. ते नाव खोडा, तुमचं घाला."

मी टाक उचलला. पण देवाच्या नावावर काट मारायची? वडील डोळ्यांपुढे आले. हात धजेना. बाहेर टाळ थांबले. कॉलेजचा बुधवार चालला हातातून!

तेव्हा सुंदरेशलाच सुचलं. "खोडू नका, पेरियवर. दोन बाण काढू. हे नाव तिकडे, ते नाव इकडे."

बाण निघाले. मी मूर्तीकडे पाहिलं. देवाची काही हरकत दिसली नाही. मी सही केली. से-तू-रा-व. ओळ जरा डोंगर चढल्यासारखी वर गेली, पण अक्षर न् अक्षर माझं!

मंगळवारी नोंदणीचा कागद हातात आला. बुधवारी द्यायची पूड त्याच संध्याकाळी वसतिगृहात पोचती झाली. मी कागद घेऊन ऐटीत बसलो आणि अलमेलूला वाचून दाखवू लागलो.

"ऐक! मालक : सेतूराव. वय : साठ. नोकर : एक. नाव..."

"थांबलात का?"

"नाव : श्री पांडुरंग. वय : फार."

खाली सुंदरेशची लाल शाई. 'नोकराचे वय पाहता त्यास दर बुधवारी पूर्ण दिवस सुट्टी द्यावी. त्या दिवशी दुकान उघडल्यास नोंदणी रद्द.'

मी दुरुस्तीसाठी उठलो. अलमेलू दारात आडवी उभी!

"कुठे निघालात?"

"अगं, चूक झालीय कागदात!"

"वाचता आलं ना एवढं? मग पाळा आता!"

पाळलं. पहिल्या बुधवारी तिनं इडल्यांचा डबा बांधला आणि आम्ही बैलगाडीनं गोविंदपुरमला गेलो. मी दिवसभर मुंग्या चावल्यासारखा चुळबुळत होतो. ती नदीत पाय सोडून बसली होती. पुढे मलाही सवय लागली. तो कागद दुरुस्त करायचा राहून गेला तो गेलाच. तसाच चौकटीत घालून भिंतीवर लावला. देवाला नोकर केलं म्हणून हनुमंतराव मला वर्षभर बोलत होते. खरं सांगू का? सहीकडे बघायच्या नादात मी त्यांचं नीटसं ऐकलंच नाही!

अलमेलू १९६८ साली मार्गळी महिन्यात वारली. बुधवार होता. दुकान बंद होतं, मी घरीच होतो.