लोटनआप्पांची माघार

गाडीच्या काट्यांशेजारचा पिवळा दिवा लागला तो नेमका विसरवाडीला जायच्या आदल्या दिवशी. नंदुरबारच्या भिला मेकॅनिकने यंत्र लावून पाहिलं. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर गेलाय, सोमवारी बदलून देतो, तोवर गाडी खुशाल चालवा, असं तो म्हणाला. पण होणाऱ्या व्याह्यांच्या दारात दिवा पेटलेली गाडी न्यायची, हे धानोऱ्याच्या लोटनआप्पांना पटेना. त्यांनी नवा सेन्सर विकत आणला आणि सकाळीच गाडीखाली शिरले.

"भिलानी सांगं ना, दिवा लागना तरी गाडी चालस," द्वारकाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "आजना दिन कसाले खाले घुसतस?"

"आखा जनम खांबावर वायरी जोड्यात मी. ह्या चार वायरीस्ले भिसू का?"

आप्पा निवृत्त वायरमन. नव्या सेन्सरला प्लग नव्हता. जुन्याच्या वायरी कापून जोडायच्या होत्या. दोन पांढऱ्या, एक काळी, एक करडी. जुन्यांवर एवढी काजळी, की चारही काळ्याच. आप्पांनी फडक्याने पुसून रंग ओळखले, पीळ दिला, खांबावर वापरायची ती टेप गुंडाळली आणि सगळा जुडगा शेजारून जाणाऱ्या मागच्या रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीला बांधून टाकला. गाडी सुरू केली. पिवळा दिवा गेला होता. आप्पांनी पांढरा सदरा चढवला.

टेप खांबावर टिकते. धुराच्या नळीशेजारी ती वितळते. अर्धा रस्ता सरल्यावर वायरी उघड्या पडून एकमेकींना चिकटल्या आणि गाडीच्या पाठीमागून एक बाई बोलू लागली, "सावधान, गाडी पीछे हट रही है."

ही बाई मुलाने, भरतने, हौसेने बसवून घेतली होती. रिव्हर्स टाकला की तेवढं तिने बोलायचं. आता गाडी पुढे धावत होती आणि बाई थांबत नव्हती. मागचा पांढरा दिवाही पेटलेला. पाठीमागचा ट्रक कचकन थांबला, त्यामागे बस थांबली. बसच्या ड्रायव्हरने शेजारी येऊन विचारलं, "आप्पा, पुढे जाई ऱ्हायनात का मागे?"

आप्पा उतरून वाकले. नळी तव्यासारखी तापलेली, सदरा पांढरा. ते तसेच परत येऊन बसले.

विसरवाडीला नवलभाऊंच्या ओट्यावर चार माणसं वाट बघत होती. त्यांची मुलगी यामिनी नवापूरला नर्स होती. लग्नानंतर तिने नोकरी सोडावी, असं आप्पांनी मागच्या बैठकीत सुचवलं होतं आणि पक्कं आज सांगतो म्हणाले होते. गाडी गल्लीत शिरली ती "पीछे हट रही है" असं बजावत. नवलभाऊंचा चेहरा उतरला.

"आप्पा, सांगानं व्हतं ते सोताना तोंडघाई सांगतात. गाडीले कसाले बोलाले लावं?"

"गाडी म्हनी ऱ्हायनी. मी नही," आप्पा घाईघाईने म्हणाले आणि इंजिन बंद केलं.

पाणी झालं, चहा झाला. नवलभाऊंनी विषय काढला, "मंग पोरनी नोकरीनं काय ठरं?"

आप्पांनी वाटभर भाषण जुळवलं होतं. घसा खाकरून ते म्हणाले, "तसं पाहं तर, घरमा माणूस लागस..."

नवलभाऊंचा भाऊ करणसिंग गाडी सावलीत घ्यायला गेला होता. एवढ्यात त्याने चावी फिरवली. बाहेरून खणखणीत आवाज आला, "सावधान, गाडी पीछे हट रही है."

ओट्यावरच्या सगळ्यांनी एकदम आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्या बशीतला चहा शांतपणे पीत होत्या.

"करू द्या नोकरी," आप्पा म्हणाले.

"आनि बदली मागाले बी सांगानं नही," द्वारकाबाईंनी बशी खाली ठेवत म्हटलं. "भरतच नवापूरले जाई."

आप्पांनी तोंड उघडलं. करणसिंग अजून गाडीतच होता. आप्पांनी तोंड मिटलं.

तारीख ठरली, पेढे वाटले गेले. निघताना सगळे दारात उभे राहिले. गल्ली अरुंद, गाडी आता खरोखरच मागे घ्यावी लागणार होती. आप्पांना त्या बाईची एव्हाना सवय झाली होती. त्यांनी रिव्हर्स टाकला, काच खाली केली आणि निर्धास्तपणे गाडी सोडली.

बाई बोलली नाही. मोकळी वायर पत्र्याला लागून फ्यूज उडाला होता. मागे धाडकन आवाज झाला आणि नवलभाऊंची पाण्याने भरलेली कोठी आडवी झाली. पाणी गल्लीभर पसरत गेलं, पाहुण्यांच्या चपला घेऊन.

नवलभाऊंनी धोतर वर धरलं. "पाव्हना, कामनी येळले बाई गप बसनी."

"आखी वाट बोलनी, आनि बोलानं व्हतं तव्हय मुकी," द्वारकाबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या. "घरधनीना गुण लागना तिले."