एक घर, एक चार्जर

निकमांच्या घरात सकाळी चौदा चार्जर होते आणि संध्याकाळी एकही नव्हता. खरं तर गोष्ट एवढीच. पुढचं सगळं त्यातूनच होत गेलं.

ओजस निकम नेदरलँड्समधून शाश्वत विकास की काय त्या विषयातली पदवी घेऊन रहाटणीला परत आला, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तिकडे राहायची सोय असताना आपण मायदेशी परतलो, हे तो भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा. (ऐकणारा हटकून विचारायचा, "मग आलास कशाला?" आणि ओजसला देशाचं कसं होणार याची काळजी वाटायची.) आठ महिन्यांत त्याने सोसायटीला ओला कचरा, सुका कचरा, करडा कचरा असे तीन डबे आणून दिले होते. नोकरी मात्र अजून आणली नव्हती.

एका रविवारी रिमोटचे सेल शोधताना त्याने टीव्हीखालचा खण उघडला आणि त्याला साक्षात्कार झाला. खणात चार्जरांचं वारूळ होतं. गोल पिनचे, चपट्या पिनचे, ज्यांचे फोन कधीच भंगारात गेले असे, आणि एक तर दाढीच्या मशीनचा. हे मशीन घरात कोणीच कधी पाहिलेलं नव्हतं. तिघांच्या घरात चौदा चार्जर. ओजसने ते सगळे कापडी पिशवीत भरले आणि बसने आकुर्डीच्या ई-कचरा केंद्रात देऊन आला. (रिक्षाने गेला असता तर पुण्य तिथेच वजा झालं असतं.) मग त्याने आठ पोर्टचं एक चार्जिंग स्टेशन मागवलं आणि हॉलमधल्या शोकेसवर, अजिंठ्याच्या लाकडी हत्तीला बाजूला सारून, त्याची स्थापना केली.

त्याच्या आईने, प्रभावतीबाईंनी, एकच शंका काढली. हे बिघडलं तर? ओजस हसला. हे स्टेशन कसं विचारी आहे, कोणत्या उपकरणाला किती भूक आहे हे ते स्वतः ओळखतं आणि वीज कशी न्यायाने वाटून देतं, यावर त्याने वीस मिनिटं भाषण केलं. न्याय खरोखरच झाला. पूर्वी घरात एकाचा फोन शंभर टक्के आणि दुसऱ्याचा पाच टक्के अशी विषमता होती. आता सगळ्यांचे फोन सारखेच अर्धवट राहू लागले.

स्टेशनवर जीव जडला तो मात्र उद्धवरावांचा. ओजसचे वडील उद्धवराव आकुर्डीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेन्टेनन्सला होते आणि मे महिन्यात निवृत्त झाले होते. तेव्हापासून घरात काहीच बिघडेना, त्यामुळे माणूस खंगत चालला होता. अशा वेळी घरात आठ तोंडांचं, निळे दिवे लागणारं, आतून बारीक घुर्रर्र आवाज करणारं काहीतरी आलं. उद्धवराव त्याला 'मशीन' म्हणू लागले. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचे, कान लावून आवाज ऐकायचे आणि "व्यवस्थित चाललंय" असा रिपोर्ट प्रभावतीबाईंना द्यायचे.

इकडे ओजसने या सगळ्यावर 'एक घर, एक चार्जर' असा प्रकल्प लिहून काढला आणि नेदरलँड्समधल्या एका संस्थेच्या फेलोशिपसाठी पाठवला. तो शेवटच्या फेरीत पोचला. मुलाखत व्हिडिओवर, दसऱ्याच्या दिवशी दुपारी चार वाजता. दसऱ्याला इकडे सुट्टी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ओजसने कळवलं नाही. (काम हीच पूजा, असं तो आईला म्हणाला. हे वाक्य उद्धवरावांनीही ऐकलं, पण उलट्या बाजूने.) उद्धवरावांनी मुलाखतीच्या पत्राची प्रिंट काढली, तिला लॅमिनेशन करून घेतलं आणि दूध डेअरीपर्यंत सगळ्यांना दाखवून आले. ओजसने त्यांना प्लॅस्टिकवरून झापलं. त्यांनी शांतपणे पत्र पुसलं आणि एवढंच सांगितलं की ही फेलोशिप मिळाली तर ठीक, नाही तर दिवाळीपासून दादासाहेबांच्या वर्कशॉपमध्ये बसायचं. दादासाहेब म्हणजे ओजसचे मामा. चाकणला त्यांचं पत्र्याचे भाग ठोकून काढायचं प्रेस शॉप होतं आणि तिथल्या स्टोअरमध्ये एक खुर्ची ओजस आल्यापासून त्याच्या नावाने रिकामी होती. त्या खुर्चीच्या विचाराने ओजसला दरदरून घाम फुटायचा.

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता त्याने बॅटरी संपत आलेले लॅपटॉप, फोन आणि टॅब असे तिन्ही स्टेशनला लावले आणि तो बाहेर पडला. आपट्याची पानं ओरबाडू नका अशी पत्रकं त्याला सोसायटीच्या गेटवर वाटायची होती. ज्यांच्या हातात आपट्याच्या जुड्या होत्या त्यांना त्याने थांबवून थांबवून झाडाचं दुःख समजावलं. सातव्या मजल्यावरच्या कुलदीपला नव्या गाडीची डिलिव्हरी घ्यायला शोरूमला पोचायचं होतं. त्यालाही त्याने डिझेलबद्दल दहा मिनिटं ऐकवलं. दुपारपर्यंत सोसायटीत त्याच्याशी बोलणारं कोणी उरलं नाही.

तीन वाजता तो घरी आला. श्रीखंड-पुरीचं जेवण त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं होतं. हॉलमध्ये उदबत्तीचा घमघमाट होता आणि शोकेसवर स्टेशनच्या जागी झेंडूचा एक ढीग होता. त्याने ढीग उकरला. खाली स्टेशन सापडलं. आठही पोर्टच्या तोंडाशी हळदकुंकवाची ओली बोटं, वर अक्षता, पुढ्यात फोडलेला नारळ. लॅपटॉपच्या झाकणावर भलंमोठं स्वस्तिक. भिंतीवरच्या स्विचला लाल दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं : मशीन बंद आहे. स्विच लावू नये. उ. रा. निकम, मेन्टेनन्स.

"बाबा, हे काय आहे?"

"पूजा," उद्धवराव म्हणाले. नवा सदरा, कपाळाला गंध, चेहऱ्यावर मे महिन्यापासून न दिसलेलं समाधान. "कारखान्यात एकतीस वर्षं मीच करत होतो. यंदा म्हटलं, आपल्या घरात मशीन आहे की."

"बंद कधी केलंत?"

"सव्वाआठला. पूजेच्या दिवशी मशीनला सुट्टी असते. एक दिवस नाही चाललं तर काय कंपनी बुडत नाही."

ओजसने लॅपटॉप उघडला. बंद. फोन बंद. टॅबने एकदा डोळा उघडला, लाल बॅटरी दाखवली आणि मिटला. आईवडिलांचे फोनही त्याच रांगेत कुंकू लावून निजले होते. ओजसने पुठ्ठा उपटला आणि स्विच दाबला. नारळाचं पाणी कुठवर पोचलं होतं ते तेव्हा कळलं. फट् असा आवाज झाला, आठही निळे दिवे एकदाच लखलखले आणि घरात खोबरं भाजल्याचा वास सुटला.

"टॅग लावला होता," उद्धवराव म्हणाले.

पुढचा अर्धा तास ओजसने आपल्या तत्त्वांच्या विरुद्ध घालवला. म्हणजे चार्जर मागत फिरण्यात. पाच दारं उघडली नाहीत. दोन उघडली आणि त्याला बघून मिटली. चौथ्या मजल्यावरच्या प्रितमने चार्जर दिला, पण देताना, "एकच का? चांगले दोन हायेत की आपल्याकडे, राव," असं म्हणायला विसरला नाही. ओजस धावत वर आला तर पिन फोनमध्ये शिरेना. वडिलांनी मशीनच्या तोंडांची पूजा केली होती तशी फोन-टॅब-लॅपटॉपच्या तोंडांचीही केली होती, आणि प्रत्येकात हळदीने घट्ट बसलेला तांदळाचा एकेक दाणा होता. उद्धवरावांनी टूलबॉक्स आणला, चष्मा बदलला आणि टाचणीने दाणा काढायला घेतला. पाच महिन्यांनी त्यांना खराखुरा ब्रेकडाऊन मिळाला होता. टाचणीने दाणा आणखी आत गेला आणि तिथेच स्थायिक झाला.

चार वाजायला दहा मिनिटं होती. बेल वाजली आणि भांडी घासायला छबूबाई आल्या.

छबूबाई जाधव या घरात नऊ वर्षं भांड्याला होत्या. मूळच्या परांड्याकडच्या, राहायला काळेवाडीत. ओजसने आल्या दिवशी त्यांना 'छबूताई, आपण सगळे समान आहोत' असं सांगितलं होतं आणि त्यांनी 'बरं' म्हणून त्याचा चहाचा कप उचलून नेला होता. आज ओजसची नजर त्यांच्या कमरेच्या पिशवीतून डोकावणाऱ्या फोनवर गेली. काच तडकलेली, पण बॅटरी ब्याण्णव टक्के.

"साडेचारच्या आत द्या पण," छबूबाई म्हणाल्या. "मालक चाकणवरनं शिफ्ट सुटली की फोन करत्यात. उचलला न्हाई तर घाबरत्यात."

लिंक कुठून आणायची हा प्रश्न लॅमिनेशन केलेल्या पत्राने सोडवला. त्यावर ती अक्षर न् अक्षर छापलेली होती. उद्धवराव खणखणीत आवाजात वाचत गेले आणि ओजस टाइप करत गेला. (नारळाचं पाणी पडूनही पत्राला काही झालं नव्हतं, हे उद्धवरावांनी दोनदा लक्षात आणून दिलं.) चारला एक मिनिट असताना 'छबू जाधव' या नावाने ओजस निकम मुलाखतीला हजर झाला.

पलीकडे तिघं होते. मधोमध अध्यक्षबाई, एक दाढीवाले गृहस्थ आणि सतत लिहून घेणारी एक मुलगी. सुरुवात छान झाली. ओजसने वस्तूंच्या हव्यासाबद्दल सांगितलं, चौदा चार्जरांचा खण सांगितला, बसचं तिकीट सांगितलं. अध्यक्षबाईंनी मग ते सुप्रसिद्ध स्टेशन बघायला मागितलं. ओजसने काळजावर दगड ठेवून कॅमेरा तिकडे वळवला. झेंडू, कुंकू, नारळ आणि मागे टाचणी घेऊन उभे असलेले उद्धवराव. ऊर्जेकडे इतक्या आदराने पाहणारं कुटुंब आपण पाहिलं नाही, असं दाढीवाले म्हणाले. मग ते चालू करून दाखवता का, असंही म्हणाले.

ओजस झेंडू सारखे करू लागला. तेवढ्यात छबूबाई हात पुसत बाहेर आल्या, कॅमेऱ्यात डोकावल्या आणि किती वाजले ते विचारलं. ही कोण, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. हा फोन यांचा, एवढंच ओजस बोलला, आणि विषय बदलायची संधी दिसल्यावर पुढे सरसावला. भारतातल्या सामान्य माणसाच्या रक्तातच काटकसर आहे, हवं तर यांनाच विचारा, असं तो म्हणाला. त्यांनी ओजसकरवी विचारलं. घरात माणसं किती, चार्जर किती?

"आमी पाच जण," छबूबाई म्हणाल्या. "चार्जर एक."

पलीकडची मुलगी लिहायची थांबली.

किती वर्षांपासून? "सा वर्सं झाली. तार तुटली की मी चिकटपट्टी मारते." पाच जणांचं जमतं कसं? "ज्याला आधी कामाला जायचं त्याचा आधी. भांडण न्हाई. भांडला तर त्याचा फोन लावायचाच न्हाई." मग दुसरा का घेतला नाही, असं अध्यक्षबाईंनी मोठ्या उत्सुकतेने विचारलं.

"कशाला? भितीला बटणच एक हाय," छबूबाई म्हणाल्या. "घरमालक दुसरं बसवू देत न्हाई."

इथे ओजसने इंग्रजीत जो अनुवाद केला तो त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम अनुवाद म्हणावा लागेल. त्याने सांगितलं की, या बाईंनी हे अत्यंत जाणीवपूर्वक स्वीकारलं आहे. अधिकाची सोय नाकारणं ही त्यांची जीवनदृष्टी आहे. घरात त्यांनी गरजेनुसार वाटपाची लोकशाही व्यवस्था उभी केली आहे. बोलता बोलता त्याचाच आवाज भरून आला. दाढीवाल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेवढ्यात छबूबाईंच्या मालकांचा फोन आला आणि मुलाखत संपली.

नऊ दिवसांनी पत्र आलं. उद्धवरावांच्या टेबलावर तोवर स्टेशनचे एकवीस सुटे भाग मांडलेले होते. (जोडल्यावर अठराच आत बसत होते.) पत्रात समितीने एकमताने निर्णय घेतल्याचं लिहिलं होतं. कल्पना लिहून पाठवणारे पुष्कळ असतात, ती सहा वर्षं जगणारी व्यक्ती समितीला प्रथमच भेटली. म्हणून या वर्षीची फेलोशिप श्रीमती छबू जाधव यांना. त्यांना इंग्रजी येत नसल्याने श्री. ओजस निकम यांनी त्यांचा सहायक म्हणून काम पाहावं, आणि त्याच्या कामावर श्रीमती जाधव समाधानी असल्याचा दाखला दर महिन्याला संस्थेला पाठवावा.

ओजसने पत्र तीनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन छबूबाईंना मराठीत सांगितलं. या खेपेला अनुवाद अगदी शब्दशः केला, कारण बाबा दारातच उभे होते. काम काय करायचं, असं छबूबाईंनी विचारलं. घरोघरी जाऊन एक चार्जर कसा पुरतो ते सांगायचं, असं ओजसने सांगितलं.

"येवढंच?" त्यांनी कढई पालथी घातली आणि थोडा विचार केला. "करू की. तीन घरं सोडते मी. हे सोडत न्हाई, वहिनींचा हात दुखतो. पण तुमी सकाळी सातला तयार पायजे. तुमी उठता साडेनवाला. ते चालायचं न्हाई."

दादासाहेबांचा चाकणहून तीनदा फोन येऊन गेला होता आणि खुर्ची अजून रिकामी होती. ओजस साडेसहाचा गजर लावायला गेला.

संध्याकाळी प्रभावतीबाईंनी कराडच्या बहिणीला फोन लावला. हॉलमधून ओजसला एकच बाजू ऐकू येत होती.

"हो गं, लागला एकदाचा. परदेशातली संस्था आहे. नाही, जायला नको तिकडे, इथूनच काम. साहेब? साहेब फार चांगल्या आहेत. ओळखीच्याच. आत्ता इथंच आहेत, भांडी घासतायत. थांब, ओजसला जरा विचारू दे, त्या म्हणतायत मघाचा चहाचा कप त्याने अजून आत आणून ठेवला नाही म्हणून."