माऊसपॅडवरचे बाबा

बाबांना जाऊन आठ दिवस झाले होते. उद्याच्या शोकसभेत ठेवायला घरात त्यांचा एकही फोटो नाही, हे तेव्हा लक्षात आलं. अल्बम सहा होते. पण प्रत्येक सहलीचे, प्रत्येक वाढदिवसाचे फोटो बाबांनीच काढलेले. त्यामुळे त्यांत सगळे होते, बाबा नव्हते. एका फोटोत गवतावर त्यांची सावली पडली होती. धाकट्या मुलाने ती मोठी करून पाहिली. सावली मोठी झाली.

"ओळखपत्र असेल ना?" ताईने विचारलं.

"आहे. त्यात कान तेवढे दिसतात."

खिडकीशी बसलेली आई म्हणाली, "मला त्यांचा चेहराच आठवेना झालाय. आवाज आठवतो, चष्मा आठवतो. चेहरा आठवायला गेलं की नुसती पाठ दिसते. काहीतरी करा रे."

ताईने धाकट्याला बाबांच्या कॉम्प्युटरपाशी नेलं. तिथे तिनेच एका संग्रहालयातून आणलेला माऊसपॅड होता. त्यावर जुन्या काळातल्या एका इंग्रज जनरलचं तैलचित्र: लाल कोट, पदकं, तलवारीच्या मुठीवर हात, गालभर कल्ले आणि समोरच्याने रजा मागितल्यासारखी नजर. "हुबेहूब बाबा," म्हणून तेव्हा दोघं भावंडं पोट धरून हसली होती. बाबा तेवढे हसले नव्हते. त्यामुळे साम्य जास्तच पटलं होतं.

"आईला यातलं काही सांगायचं नाही," ताई म्हणाली.

फोटोवाल्याने माऊसपॅड उलटसुलट करून पाहिला. "हे कोण?"

"बाबा," धाकटा म्हणाला. "म्हणजे, होतील."

"हनुवटी कुठाय?"

सात वर्षं माऊस फिरून जनरलची हनुवटी घासून गेली होती.

"तुमची घेऊ. बसा स्टुलावर. दाढी केलीय ते बरंय."

कान ओळखपत्रातून आले. कल्ले उतरवले, कोट जाऊन शर्ट आला, चष्मा चढला. तलवारीच्या मुठीवरचा हात मात्र हलेना.

"तो काढला तर खांदा जातो," फोटोवाला म्हणाला. "छत्री देतो हातात."

"बाबा कधी छत्री घ्यायचे नाहीत."

"आता घेतील."

शोकसभेत काका फोटोसमोर उभे राहिले आणि त्यांना रडू आवरेना. "मी नापास झालो की दादा असाच बघायचा," ते म्हणाले. शेजाऱ्यांनी डोळ्यांतला करारीपणा ओळखला. छत्रीबद्दल कुणी विचारलं नाही. आई दोन तास फोटोकडे एकटक पाहत होती. घरी आल्यावर ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. "मिळाले बाई एकदाचे," एवढंच म्हणाली.

ताईने स्वयंपाकघरात भावाला गाठलं. "सांगायचं का तिला?"

"काय सांगणार? घास खाली उतरतोय तिच्या. उतरू दे."

सभेनंतर चौथ्या दिवशी बाबांचे ऑफिसातले एक जुने सहकारी आले. बाहेरगावी असल्यामुळे त्यांना आधी येता आलं नव्हतं. सोबत त्यांनी बाबांच्या निरोप समारंभात काढलेला एक फोटो चौकटीत घालून आणला होता. मान जराशी कलती, शर्टाचं वरचं बटण चुकलेलं, हसावं की नाही हे न ठरलेलं तोंड. ते बाबाच होते. ताईने तोंडावर पदर धरला. धाकटा खाली बघू लागला.

आईने चष्मा लावला. फोटो उजेडात धरला, लांब केला, परत जवळ आणला. मग भिंतीवरच्या फोटोकडे एकदा पाहून तो अदबीने पाहुण्यांच्या हातात परत दिला.

"चेहरा सज्जन वाटतो हो," ती म्हणाली. "हे यांच्याच खात्यात होते का?"